छाटणीनंतरचे पन्नास दिवस

ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहिला त्या सकाळी उत्कर्षाने मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली होती. दोन पातेली, एक शेगडी, शिवांजलीची रजई आणि आपल्या चार साड्या. सांगलीच्या विश्रामबागेत, शिवांजलीच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत तिने एक खोली बघून ठेवली होती आणि छाटणी उरकली की येते, असं घरमालकिणीला सांगून आली होती.

शिवांजली तिची एकुलती एक लेक, अकरावी सायन्सला. सकाळी सातला कॉलेज आणि रात्री आठपर्यंत क्लास. तासगावच्या पुढच्या त्या गावातून एसटीने रोज जाऊन येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून पोरीला होस्टेलवर ठेवलं. गणपती झाले आणि तिचं खाणं सुटलं. आधी मेसचं जेवण आवडत नाही म्हणाली, मग भूकच लागत नाही म्हणाली, आणि एक दिवस प्रॅक्टिकलच्या टेबलाशी उभी असताना चक्कर येऊन खाली पडली. फोन आला तेव्हा उत्कर्षा बागेत होती. औषधाचा वास मारणाऱ्या कपड्यांतच ती सांगलीला गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आजार काही नाही म्हणाले, घरचं कुणी सोबत राहिलं तर बरं. निघताना पोर पदर धरून एवढंच म्हणाली, "मम्मी, तू ये ना राहायला."

पण द्राक्षबाग सोडून जायचं कसं? ऑक्टोबरात छाटणी झाली की पुढचे पन्नास दिवस बाग म्हणजे बाळंतिणीची खोली. ढग आला, दव पडलं की पहाटेच फवारा मारावा लागतो. एक दिवस चुकला तर पानांवर दावण्या रोग येतो आणि घड हातचे जातात. नवरा वीरधवल सैन्यात हवालदार, सीमेवर. घरात ती आणि एकाहत्तरीचे सासरे, आकाराम आबा. आजवर पाइप ओढत फवारणी व्हायची, तिला तीन माणसं लागत. म्हणून वीरधवलने फोनवर फोन करून हा छोटा ट्रॅक्टर घ्यायला लावला. मांडवाखालून जाईल एवढा बुटका, दोन ओळींत मावेल एवढा अरुंद, मागे औषध फवारणारा ब्लोअर जोडलेला. एका माणसाचं काम. आबा बाग बघतील, तू पोरीकडे जा, असा त्याचा हिशेब होता, आणि तो चुकीचा नव्हता. आबांना ट्रॅक्टर चालवता यायचा; उसाच्या ट्रॉल्या त्यांनी वर्षानुवर्षं कारखान्याला नेल्या होत्या.

पहिल्या फवारणीला आबा बसले आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ट्रॅक्टर बंद पडला. दोन्ही बाजूंना वीतभर जागा, डोक्यावर तारा. मागे ढकलता येईना, पुढे ओढता येईना. उत्कर्षा ओणवी होऊन आत गेली, आबांना उतरवून स्वतः बसली, किल्ली फिरवली. ट्रॅक्टर लगेच सुरू. उरलेली बाग तिने मारून काढली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मेकॅनिक ज्योतिबा तासगावहून तीनदा येऊन गेला. डिझेलचा फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, बॅटरीची टोकं घासली. दर वेळी ब्लोअर सोडवून रस्त्यावर दोन फेऱ्या मारून दाखवायचा. ट्रॅक्टर असा पळायचा की जणू कधी रुसलाच नाही. गावाला तर करमणूकच झाली. आबांना चावडीवर लोक विचारायचे, "का रं आकाराम, तुज्यावर काय राग हाय का त्याचा? सुनेचंच ऐकतंय म्हनं." तिला येता-जाता शाबासकी मिळे. वाघीण आहे, एकटी बाग ओढते, वीरधवलला काळजी नाही. अशी प्रत्येक शाबासकी ऐकली की तिला वाटे, आपल्या पायातल्या साखळीला आणखी एक कडी जोडली गेली. ट्रॅक्टर आपलं ऐकतो ही तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी होती.

रोज फोनवर शिवांजली विचारी, "झाला का दुरुस्त?"

उत्कर्षा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग पोरीचा अभ्यास घेण्यापलीकडे झाला नव्हता. आता तिने दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहायला सुरुवात केली: आज किती वेळा बंद पडला, कुठे, कोण बसलं होतं, ब्लोअर चालू होता की नाही. आठवड्याने ओळी वाचल्या तर चित्र साधं होतं. ती बसली की कधीच नाही. ब्लोअर बंद असला की कधीच नाही. आबा आणि ब्लोअर एकत्र आले की मात्र हमखास. मग तिने एक सकाळ काढली आणि आबांच्या मागोमाग, तोंडाला फडकं बांधून, ओळीतून वाकून चालत गेली.

आबा सीटवर बसलेच नव्हते. म्हणजे बसले होते, पण एका मांडीवर, कडेला. बैलगाडी हाकताना माणूस साटीच्या कडेला बसतो तसे: एक पाय आत, एक पाय उतरायच्या तयारीत, आणि अंग मागे वळवलेलं, औषध पानाच्या पाठीला लागतंय का ते बघायला. मान जरा जास्त वळली, मांडी उचलली गेली आणि इंजिन गप्प झालं.

तिने माहितीपुस्तक काढून वाचलं. सीटखाली एक बटण होतं. ब्लोअर चालू असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप थांबावं, म्हणून. ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांच्या मधला फिरता दांडा अंगावरचं कापड ओढून घेतो, असं चित्रासकट दिलं होतं. चित्रातल्या माणसाचा हात दांड्याभोवती गुंडाळला गेला होता. आबांचं वजन जेमतेम अठ्ठेचाळीस किलो. त्यातलं अर्धं त्यांच्या उतरायच्या पायावर.

"आबा, तुम्ही बसता कसं?" तिने विचारलं.

"कसं म्हंजे? मानूस बसतंय तसं. तू काय डोक्यावर बसतीस व्हय?"

तिने समजावून सांगितलं. आबा हसले, मग जरा ओशाळले. त्यांनी मनापासून प्रयत्न केला. दोन दिवस पाटावरच्या नवरदेवासारखे ताठ, मधोमध बसून राहिले. ट्रॅक्टर एकदाही थांबला नाही. तिसऱ्या दिवशी कडेच्या ओळीत पानांवर दावण्याचे तेलकट डाग दिसले. न बघता मारलेलं औषध वरच्या वर उडून गेलं होतं. आबांचं चित्त उडालं. पुन्हा मान वळली, मांडी उचलली गेली, आणि त्या सकाळी ट्रॅक्टर अकरा वेळा बंद पडला. शेवटच्या वेळी ते उतरून बांधावर जाऊन बसले आणि म्हणाले की हे वाहन माणसासाठी केलेलंच नाही, दगड बसवायला केलंय. भाड्याने ड्रायव्हर बघावा तर ढग आला की सगळ्या गावाला एकाच पहाटे लागतो. कुणीच मोकळा नव्हता.

ज्योतिबाला सगळं सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून हसला. "एवढंच व्हय? वहिनी, बटनाच्या दोन वायरी एकात एक पिळायच्या. दोन मिनिटांचं काम हाय. ह्या भागात बटन ठेवलेलं एक ट्रॅक्टर दावा मला."

तिने नको म्हटलं. आबा धोतर नेसत. वाऱ्यावर त्यांच्या धोतराचा सोगा कसा उडतो ते तिने पाहिलं होतं आणि पुस्तकातलं चित्रही पाहिलं होतं. आबांनी दोन वेळा सुचवून बघितलं, ती बधली नाही. पण बुधवारी रेक्टरबाईंचा फोन आला. शिवांजली रात्रीचं ताट तसंच परत पाठवते, सांगावं की न सांगावं असं होत होतं, त्या म्हणाल्या. पोर रोज फोनवर सांगत होती, जेवले. काय जेवलीस विचारलं की भाज्यांची नावंसुद्धा सांगत होती.

उत्कर्षाने ज्योतिबाला स्वतःच फोन लावला. "पिळून टाका त्या वायरी," ती म्हणाली आणि त्याने काही बोलायच्या आत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबा वायरी पिळून, वर चिकटपट्टी लावून गेला. आबांना तिने बसवून चार-चार वेळा सांगितलं. खाली उतरायचं असेल तर आधी किल्ली बंद. डहाळी अडकली, किल्ली बंद. पाणी प्यायचं, किल्ली बंद. आबा प्रत्येक वेळी मान डोलावत होते. त्यांना ती जावी असंच वाटत होतं, नातीचं नाव निघालं की ते डोळे पुसत.

शुक्रवारी दहाची एसटी होती. सामान दारात काढून ठेवून ती चहाची किटली घेऊन बागेकडे निघाली. लांबूनच ब्लोअरचा आवाज येत होता, सलग, न तुटता. पाऊण तासात एकदाही थांबला नव्हता. किती दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं हललं. ओळीच्या तोंडाशी ती उभी राहिली. पलीकडून, औषधाच्या धुक्यातून, ट्रॅक्टर हळूहळू तिच्या दिशेने येत होता.

सीटवर कुणीच नव्हतं.

ट्रॅक्टर आपला आपण, दोन ओळींच्या मधून सरळ रेषेत, माणसाच्या पावलाने चालत होता. आबा त्याच्या मागच्या चाकापाशी, एक हात मडगार्डवर ठेवून, सोबत चालले होते. मध्येच थांबत, ट्रॅक्टर आणि ब्लोअर यांच्या फटीवरून वाकून पलीकडची अडकलेली डहाळी सोडवत, पान उलटं करून बघत आणि दोन पावलं झपाझप टाकून पुन्हा ट्रॅक्टरला गाठत. धोतराचा सोगा फिरत्या दांड्यापासून हातभर अंतरावर उडत होता.

ओरडलं तर आबा दचकतील, म्हणून ती ओरडली नाही. किटली टाकून ती पुढे गेली आणि चालत्या ट्रॅक्टरच्या बाजूने हात घालून किल्ली फिरवली. बाग एकदम शांत झाली.

आबांचा चेहरा खुलला होता. "बघितलंस? बैलावानी चालतंय. कासरा बी नको. आता तू जा बिनघोर, गाडी चुकंल तुजी."

"आबा, उतरायचं नव्हतं."

"उतरलो कुटं? संगं चाललोय न्हवं. बैलासंगं मानूस चालतंच की."

आबांना दोष देण्यात अर्थ नव्हता. वायरी पिळायला तिनेच सांगितलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, सीट उचलली आणि चिकटपट्टी नखांनी सोलून दोन्ही वायरी वेगळ्या केल्या. बटण पुन्हा जोडलं. आबा बघत राहिले. त्यांना हळूहळू कळत गेलं, तसा चेहऱ्यावरचा आनंद मावळला.

"मग पोरीकडं कोन जानार?" त्यांनी विचारलं.

तिने टाकीचं झाकण उघडून बघितलं. टाकीत अर्धं औषध शिल्लक होतं, कालवलेलं औषध ठेवता येत नाही. आभाळ भरून आलं होतं. आबा ओळीबाहेर गेले, पायावर पाणी ओतून घेतलं, टोपी झटकली आणि परत येऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"मी जातो," ते म्हणाले. "भाकरी न्हाई येत मला. पर ताटावर संगं बसाय येतं."

तिने आधी नाही म्हटलं, मग शेगडी कशी पेटवायची ते सांगितलं. घरी जाऊन बॅगेतल्या साड्या काढल्या, आबांची धोतरं घातली, दोन दिवसांच्या भाकरी बांधल्या आणि धावतपळत त्यांना दहाच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ते सांगत राहिले, कडेची ओळ पाठीमागनं बघून मार.

तिने बाग मारून काढली. रात्री क्लास सुटल्यावर शिवांजलीचा फोन आला. मागून आबांचा आवाज येत होता, ते घरमालकिणीला काहीतरी विचारत होते. पोर म्हणाली की आबांनी पिठल्यात मीठ दोनदा टाकलं, तरी ती एक भाकरी जेवली. खरंच जेवली, ती म्हणाली, हवं तर आबांना विचार. उत्कर्षाने डोळे मिटून घेतले.

मग पोरीने आवाज खाली आणला.

"पण मम्मी, मी तुला ये म्हटलं होतं."

"हो," उत्कर्षा म्हणाली. पश्चिमेकडे ढग होते. पहाटे पाचला फवारा मारावा लागणार होता, आणि पन्नासातले अजून एकतीस दिवस जायचे होते.