ताईच्या गालांचं पोस्टिंग

ताईचे गाल नेमके कोणत्या गावी राहिले, यावर तिच्या घरात बरेच दिवस वाद चालला होता.

भावोजी लष्करात. चंदीगडला त्यांचं शेवटचं पोस्टिंग, आणि माझ्या नवऱ्याची केंद्र सरकारची बदलीही त्याच सुमारास इथेच झालेली. त्यामुळे आम्ही दोघी बहिणी लग्नानंतर पहिल्यांदाच एका गावात आलो. ताईच्या बैठकीच्या भिंतीवर प्रत्येक गावचा निरोपाचा ग्रुप फोटो आहे. भावोजी त्या भिंतीपुढे हात मागे बांधून उभे राहत आणि तपास करत.

"जामनगरला आहेत. अंबाल्यालाही आहेत. तेजपूरला तू मागच्या रांगेत आहेस, काही दिसत नाही. मेहुणीबाई, मला वाटतं तिथेच ट्रकमध्ये सामान चढवताना राहिले."

"बदलीच्या सामानाच्या काळ्या पेट्या उघडून बघा," ताई आतून म्हणायची. "तुमचे केसही सापडतील."

खरं कारण साधं होतं. ताईला साखर निघाली. तिने भात सोडला, रोज सकाळी तळ्याभोवती चालायला लागली. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली आणि चेहराही उतरला. गाल आत गेले, डोळ्यांखाली खळगे पडले. इथल्या मराठी मंडळात भेटेल तो "बरं नाही का?" म्हणून विचारायचा. ते तिने हसण्यावारी नेलं. आईचं मात्र तिला हसण्यावारी नेता येईना.

आई साताऱ्याला असते. ताई तिला दोन-दोन वर्षांनी भेटणार, तेही रजा मिळाली तर. एरवी व्हिडिओ कॉल. आई पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणून बघायची आणि विचारायची, "रिपोर्टात काय आलंय ते खरं सांग."

"चांगले आलेत गं."

"चांगल्या रिपोर्टाचं तोंड असं असतं होय?"

ताईला मोठा आजार आहे आणि सगळे मिळून तो लपवत आहेत, अशी आईची खात्री झाली होती. तिला रात्री झोप लागत नाही, असं साताऱ्याहून आमचा भाऊ कळवत होता. त्यात दिवाळीनंतर आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. थोरली लेक म्हणून पहिलं औक्षण ताईचं. समोर बसून, दिव्यांचं ताट हातात धरून. आईने त्या उजेडात आपल्याला पाहिलं की कार्यक्रमात रडणार, हे ताईला दिसत होतं. तेवढं टाळायचं, म्हणून तिने गाल भरून घ्यायचं ठरवलं.

भाचीने, म्हणजे आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीने, लगेच निकाल दिला. "मम्मा, फिलर करवा लो यार. लंच ब्रेक में हो जाता है."

"आणि किती टिकतं?"

"एक साल, पक्का."

ताईला ते पटलं नाही. "सगळं आयुष्य दोन-तीन वर्षांच्या गोष्टींवर काढलं. पडदे घेतानासुद्धा पुढच्या घराच्या खिडक्यांचा विचार केला. आता इथे जवळच झिरकपूरला स्वतःचा फ्लॅट घेतलाय. गालही कायमचे हवेत." कायमचे म्हणजे स्वतःच्या अंगातली चरबी काढून गालात भरायची. तिने तसं वाचलं होतं.

आम्ही तिघं ज्यांच्याकडे गेलो त्या प्लास्टिक सर्जन डॉक्टरीणबाई पंजाबी होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दोन्ही बाजू सरळ मांडल्या. चरबी पोटातून किंवा मांडीतून काढतात, स्वच्छ करून चेहऱ्यात भरतात. त्यातली काही शरीर शोषून घेतं, किती ते आधी सांगता येत नाही. उरते ती बरीच वर्षं राहते, पण वजनाबरोबर कमी-जास्त होते. सूज ओसरायला काही आठवडे लागतात. फिलर म्हणजे जेल. एका बैठकीत होतं, साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतं, आवडलं नाही तर बहुतेक वेळा इंजेक्शन देऊन विरघळवताही येतं. सुई रक्तवाहिनीत जाण्याचा धोका दोन्हींत आहे. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर.

भावोजी पुढे सरकले. "डॉक्टर साहब, चर्बी मेरी ले लीजिए. स्टॉक भरपूर है."

"सर, दूसरे की नहीं चलती," बाई न हसता म्हणाल्या. "सब हसबैंड पूछते हैं." मग ताईकडे वळून त्यांनी विचारलं, "वज़न रुक गया है क्या?"

अजून उतरत होतं. मग चरबीचं आता नको, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. वजन स्थिर होऊ दे, पुढच्या वर्षी या. दिवाळीपर्यंत हवं असेल तर फिलर, तेही थोडंच.

"झालं," भावोजी म्हणाले. "गालांनाही पोस्टिंगच मिळालं. स्वतःचा फ्लॅट नाही."

ताईने पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि हनुवटीखाली धरला. "अब देखिए."

"जी, आपको नीचे से कौन देखेगा?" बाई गोंधळल्या.

ताईने हिंदीत औक्षण समजवायला घेतलं. थाली, दीये, माँ सामने बैठी हैं. भावोजींनी मदत केली, "आरती समझिए, लेकिन माँ की." बाईंनी टॉर्च घेऊन स्वतःच्या हनुवटीखाली धरला आणि आरशात पाहिलं. "इस लाइट में तो मैं भी बीमार हूँ," त्या म्हणाल्या. पण मग खोलीतला दिवा बंद करून त्यांनी त्याच उजेडात ताईच्या चेहऱ्यावर पांढऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या. अशी मागणी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली असावी.

साताऱ्याला जाईपर्यंत सुयांचे निळे डाग गेले होते. कार्यक्रमाला ताई आईसमोर बसली, ताट उचललं. खळगे नव्हते. भावोजींनी मला नजरेनेच "जमलं" असं सांगितलं. आईने ओवाळून घेतलं, मग पुढे वाकून ताईची हनुवटी धरली आणि तोंड डावीकडे, उजवीकडे वळवून पाहिलं.

"ही सूज कसली?"

भावोजी एकदम गुरुजींकडे बघायला लागले.

"गोळ्यांनी येते अशी. म्हणजे एवढी औषधं चालू आहेत तुला?" आईचे डोळे भरून आले.

ताईने ताट हातात तसंच धरून सगळं सांगितलं. साखर, चालणं, सुया, जेल. गुरुजी मंत्र थांबवून ऐकत होते.

"म्हणजे आजारी नाहीस?"

"नाही गं."

"आजारी माणूस कशाला गाल भरून घेईल," आई स्वतःशीच म्हणाली. रिपोर्टांनी झालं नव्हतं ते तिथे झालं. तिने पदराने डोळे पुसले आणि एका बोटाने गाल दाबून पाहिला. "किती दिवस राहतं हे?"

"वर्षभर. फार तर दीड."

"मग ते उतरायच्या आत एकदा येऊन जा."

चरबीचा विषय त्यानंतर निघालेला नाही. गाल अजून आहेत, भावोजी रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांची हजेरी घेतात. ताईने मात्र गालांच्या भरवशावर न राहता साताऱ्याची पुढच्या महिन्याचीच तिकिटं काढली आहेत.