पाच खणांचं घर

आमच्या आर्किटेक्चरच्या शाळेला मान्यता नाही, डिग्री नाही, धड पाटीही नाही. गारखेड्यातली एक बंद पडलेली लाकडाची वखार, सहा विद्यार्थी आणि मी. कॉलेजातली पक्की नोकरी सोडून हा उपद्व्याप मांडला तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पण त्या आठवड्यात माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. शाळेला पहिलं खरंखुरं घर बांधायला मिळालं होतं!

शहराबाहेर मेंढरं राखणाऱ्या एका मावशींचं घर. त्यांचं मागणं एवढंच की घर पाच खणांचं हवं. पोरांनी चार दिवस खपून पाच खोल्या काढल्या. मीही खुशीत सही ठोकली.

आम्ही नकाशा भिंतीवर लावत होतो, तेवढ्यात एका विद्यार्थिनीचे वडील आले. राहायला जवळच पुंडलिकनगरात, मूळचे शेतकरी. डिग्री मिळणार नाही तिथं पोरीची वर्षं घालवायची नाहीत, म्हणून तिला न्यायलाच आले होते. सगळ्यांत तयार हात तिचाच. ती गेली की बाकीच्यांचे आईबापही दारात उभे राहणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी शाळेची बाजू मांडत होते, पण त्यांची नजर नकाशावर. मावशींनी नेमकं काय मागितलं, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मॅडम, खण म्हंजे खोली नाय. दोन खांबांच्या मधली जागा. पाच खण म्हंजे एकच लांब घर."

मराठवाड्यात जन्मले, इतकी वर्षं घरंच शिकवली, आणि मला खण ठाऊक टेबलाचा, नाहीतर ओटीतला. लाजेनं मान खाली गेली, आणि उड्याही माराव्याशा वाटल्या. अहो, हेच शिकायला तर शाळा काढली होती!

त्यांनी चपला काढल्या, खडू आणि दोरी मागितली आणि वखारीच्या फरशीवर पावलं मोजत घर आखलं. इथं चूल, तिथं धान्य, शेवटच्या खणात कोकरं. पोरं वह्या घेऊन मागं मागं, दोरीचं दुसरं टोक लेकीच्या हातात. जेवणाची वेळ कधीच टळून गेली.

शेवटी त्यांनी हात झटकले. ते लेकीकडे वळले.

"ऱ्हा इथंच. तुझ्या मॅडमला अजून लई शिकायचंय."