शॉवरचे जाणकार

वाळूजच्या कंपनीत मी आणि माझे एक सहकारी एकाच खात्यात होतो आणि घरंही शेजारी होती. विद्यापीठाच्या नामांतराला त्यांचा पाठिंबा होता. मी बौद्ध, म्हणून रोज भेटल्यावर ते मला तसं आवर्जून सांगत. आमच्या घरी मात्र त्यांना कधी तहान लागली नाही. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला की, "आत्ताच पिऊन आलो, वहिनी." भर उन्हाळ्यातसुद्धा.

न्हाणीत शॉवर बसवायचं ठरलं, तेव्हा सल्ला द्यायला तेच पुढं. छावणीतल्या दुकानात त्यांनी प्रत्येक शॉवरच्या जाळीत फुंकून पाहिलं. "बारीक भोकाचा घेऊ नका, भाऊ. आपलं पाणी लई जड. महिन्यात भोकं बुजतेत." मोठ्या भोकांचा पितळी शॉवर त्यांनीच निवडला.

बसवून झाल्यावर म्हणाले, "खाली उभं राहिल्याबिगर काय कळत नाय." आणि बनियनवरच जाऊन उभे राहिले. मी नळ सोडला. आमच्या टाकीतलं पाणी त्यांच्या टकलावरून मिशांवर उतरलं.

"कसा वाटतो?" मी विचारलं.

त्यांनी ओठ घट्ट मिटून जोरजोरात मान डोलावली. पसंती तोंडानं सांगितली असती, तर आमचं पाणी आत गेलं असतं.