जेलच्या तळाची पट्टी

माझ्या प्रयोगशाळेत वहीबाबत एकच नियम होता आणि तो मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवायची. चुकलेलं खोडायचं नाही, पांढऱ्या शाईनं झाकायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करायची. आयुष्यभर हा नियम दुसऱ्यांना लावला. स्वतःला लावायची वेळ मागच्या वर्षी आली.

बऱ्याच वर्षांपूर्वीची माझी एक विद्यार्थिनी दौलताबादजवळच्या एका खेड्यातून यायची. घरची सीताफळाची बाग. हंगामात पहाटे तोडणीला हात लावायची, मग बस धरून दहाच्या ठोक्याला हजर. नखांच्या कडा काळसर, बोटांवर ओरखडे. ती पीएच.डी.साठी माझ्याकडे आली तेव्हा मला आधी ते हात दिसले, हे आज कबूल करते.

आमचं काम टायफॉइडसारखे आजार करणाऱ्या जंतूंवर. जंतू माणसाच्या शरीरात शिरला की त्याला लोह मिळेनासं होतं. मग तो आपली कुठली जनुकं बंद करतो आणि कुठली चालू ठेवतो, हे आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी जंतूंमधला आरएनए, म्हणजे जनुकांनी पाठवलेले निरोप, वेगळा काढून जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या वडीतून, विजेच्या जोरावर पळवायचा. मोठे तुकडे वर राहतात, लहान तळाशी जातात, आणि सारख्या लांबीचे एका जागी जमले की पट्टी दिसते. आरएनए भलता नाजूक. त्याला तोडणारी द्रव्यं आपल्या कातडीवरच असतात, म्हणून निकाल बिघडला की पहिला संशय हातांवर.

तिच्या जेलमध्ये तळाशी, नेहमीच्या छोट्या तुकड्यांच्या गर्दीत, एक जादा बारीक पट्टी यायची.

"मॅडम, लोह न दिलेल्या जंतूंतच येती ही. शेजारच्या, लोह दिलेल्यात नाय."

"तुटलेला आरएनए आहे," मी म्हटलं. "शेतातून येतेस, हात नीट धुतेस का?"

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तीच पट्टी. तिसऱ्यांदाही तीच. हात अस्वच्छ असते तर शेजारचा नमुनाही बिघडला असता, एवढं शाळकरी मुलालाही कळलं असतं. पण नावडतीचं मीठ अळणी! तिच्या वहीत मी लाल शाईनं लिहिलं, 'आरएनए तुटलेला. हात अस्वच्छ. पुन्हा करणे.' खाली माझी झोकदार सही.

तोवर ती जुन्या पद्धतीनं, अल्कोहोलमध्ये आरएनए खाली बसवून काम करायची. मी तिला आरएनए वेगळा काढायचं तयार किट मागवून दिलं. जेल लख्ख आलं, पट्टी गायब. "बघा," मी सगळ्यांदेखत म्हटलं, "हिच्या हातांचा संबंध कमी केला की कसं छान येतं." सगळे हसले. तीही हसली. सहा महिन्यांनी तिनं पीएच.डी. सोडली. घरी अडचण आहे, एवढंच म्हणाली, आणि मी खोदून विचारलंही नाही.

मागच्या वर्षी एक नवी विद्यार्थिनी त्याच किटच्या डब्यातलं माहितीपत्रक वाचत बसली होती. मी ते जन्मात वाचलं नव्हतं. एवढा अनुभव गाठीशी असताना पत्रकं कोण वाचतं! तिनं सहज विचारलं, "मॅडम, यात लिहिलंय की फार छोटे आरएनए धुऊन जातात. मग ते आपल्याला दिसणार कसे?"

मला तळाची ती गायब झालेली पट्टी आठवली.

जंतूंमध्ये काही आरएनए मुळातच आखूड असतात. ते दुसऱ्या जनुकाच्या निरोपाला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम थांबवतात. लोहाची चणचण असली की ज्यांत लोह खर्ची पडतं ती कामं असे आरएनए बंद करतात. एक प्रथिन त्यांना सांभाळून नेमक्या निरोपाशी गाठ घालून देतं. ते प्रथिन नसेल तर हे आखूड आरएनए फार टिकत नाहीत. हे सगळं मी वाचलेलं होतं, वर्गात शिकवतही होते. फक्त ते आपल्याच टेबलावर, तिच्या हातून दिसेल, असं मला वाटलं नव्हतं.

तिची जुनी वही काढली. तिच्याच पद्धतीनं, माझ्या हातांनी प्रयोग केला. पट्टी आली. अशाच एका आखूड आरएनएला नेमकं ओळखणारी चाचणी लावली, तीही जुळली. आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

आता ती शहागंजातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते, असं कळलं. वही पिशवीत घालून गेले. तिनं लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली. "मॅडम, तुम्ही इथं? तब्येत बरी हाय ना?" तिचे हात पार कोरडे पडले होते, बोटांच्या सांध्यांवर भेगा. शेजारची मुलगी हसत म्हणाली, "ताईंचे हात दिवसभर नळाखालीच. आम्ही लई चिडवतो त्यांना."

मी सगळं सांगितलं. किट, पत्रक, पट्टी. माफी मागितली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! तिनं वहीत चिकटवलेल्या जेलच्या फोटोत ती पट्टी बोटानं शोधली.

"म्हणजे मॅडम, माझ्या हातात खोट नव्हती?"

"नव्हती."

"पोरगी झाली तेव्हा तिला घ्यायच्या आधीबी मी तीन-तीनदा धुवायची."

मी घाईघाईनं म्हटलं, की हे छापायचं तर पहिलं नाव तुझं, आणि पीएच.डी. अजूनही पुरी करता येईल, मी धावपळ करीन.

"आता कुठलं, मॅडम," ती म्हणाली. तिनं वही माझ्याकडं सरकवली, माझ्या लाल शेऱ्यावर बोट ठेवलं आणि खिशातलं पेन पुढं केलं. "तुम्ही शिकवलं तसं करा. खालचं वाचता आलं पाहिजे."

'हात अस्वच्छ' या दोन शब्दांवर मी एक आडवी रेघ मारली. शेजारी सही केली, तारीख घातली. या खेपेला सही झोकदार आली नाही. तिनं ती नीट वाचली आणि पेन परत खिशाला लावलं.

तेवढ्यात दारात पेशंट आला. ती उठली, नळाशी गेली आणि हात धुऊ लागली. धुऊन झाले, नळ बंद केला, पुन्हा सोडला.

"सवय हाय, मॅडम," ती पाठमोरीच म्हणाली आणि तिनं परत साबण उचलला.