टेबलाखालचे चार ठोकळे

फोन आला तेव्हा मी साखळी गावात, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. "मामा गाडयेखाली चेपलो," एवढंच आई बोलली. मी तिला पुन्हा विचारलं नाही...

सदामामा आईचा धाकटा भाऊ. दोडामार्गाहून कामासाठी आला आणि सर्वणला आमच्याकडेच राहिला. खाणीचे टिपर दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये तो होता. बंद पडलेली गाडी टोचन करून, म्हणजे साखळीने ओढून आणताना त्याची एक करंगळी गेली होती. "नऊ बोटां धुवूक साबू कमी लागता," म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. अभ्यासाचं टेबल बुटकं, गुडघे आपटायचे. एका संध्याकाळी मामा चार जाड लाकडी ठोकळे घेऊन आला. ग्रीस लागलेले, मधोमध दबलेले. ते टेबलाच्या पायांखाली सारून म्हणाला, "आता बस गो मास्तरणी, पाय पसरून." कुठून आणले, मी विचारलं नाही. भंगारातले असतील, असं वाटलं.

पुढे एकदा डबा द्यायला गेले, तर जॅकने उचललेल्या टिपरखाली जांभ्याचे चिरे रचलेले. मी भीतभीत म्हटलं, "मामा, फुटतील ना हे?"

"अगो, अख्ख्या घराचो भार चिरो घेता, मगे ह्या टिपराचो घेवचो नाय?" तो खालूनच बोलला. मला पटलं नव्हतं. पण कॉलेजात जाते म्हणून मामाला शिकवायचं... जमलं नाही. शेवटी, फोन आला त्या दिवशी, भिजलेल्या चिऱ्याचा भुगा झाला आणि जॅक कलंडला.

बाराव्याला त्याच्यासोबत काम करणारा बाबलो घरी आला. त्याची नजर टेबलाखाली गेली. "गाडयेखाली घालूचे ठोकळे हे हय आसत? आमी गॅरेजभर सोदले..." चहा तसाच ठेवून तो उठला.

दुसऱ्या दिवशी दोन खेपांत मी ते ठोकळे गॅरेजवर पोचवले. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. पात्रांव, म्हणजे मालक, फोनवर होते. "थंय दवर," म्हणाले. मी ठेवले. कागद पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

परवा बसमधून पाहिलं. ठोकळे दाराशीच आहेत, त्यांच्यावर बसून माणसं चहा पीत होती. आत टिपर चिऱ्यांवर उभा होता, आणि खालून कुणाचे तरी पाय दिसत होते.

टेबल पुन्हा बुटकं झालंय. हे लिहितानाही गुडघे आपटताहेत... खुर्ची मी मागे सरकवत नाही.