भिशीवाल्याचा गेटपास

तारापूरकडे वळणारी कामगारांची बस दिसली की मला अजूनही तो वेल्डर आठवतो.

मी तेव्हा बोईसर भागातल्या ठाण्यात गोपनीय शाखेचं काम पाहत होतो. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात कंत्राटी कामाला जाणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आमच्याकडे यायची. अहवाल कोळगावला जिल्हा पोलीस मुख्यालयात जायचा. आमचा शेरा वाईट गेला की गेटपास बंद, आणि पास बंद म्हणजे त्या घरातली चूल बंद.

हा माणूस खानदेशातला, सरावलीत भाड्याने राहणारा. त्याची पडताळणी चालू असतानाच निनावी फोन आला. "तो कर्जात बुडालाय. पैशासाठी काहीही करेल. मारामारीही केलीय." चौकशी केली तर कर्ज खरं निघालं. पतपेढीचं होतं, शिवाय हातउसनेही. स्टेशनबाहेर एकाची कॉलर धरल्याची अदखलपात्र नोंदही सापडली. अर्जात मात्र गड्याने दोन्ही ठिकाणी 'नाही' लिहिलेलं. पास अडवून ठेवला आणि त्याला बोलावलं.

सराईत खोटारडा पटकन उत्तर देतो. हा प्रत्येक प्रश्नाला दाराकडे बघायचा. दारू नाही, जुगार नाही.

"मग पैसे गेले कुठे?"

"घरखर्चाला, साहेब."

"बाहेरचा कोणी आतली माहिती मागतो का? फोटो वगैरे?"

तो पांढराफटक पडला. "आईशप्पथ नाही, साहेब."

"मग सांगून टाक."

"नाही सांगता येत. दुसऱ्यांची नावं येतील."

हे ऐकून मीच घाबरलो. प्रकल्पाचं काम, आणि हा कोणाची नावं लपवतोय? प्रतिकूल शेरा लिहायला घेतला, पण अर्धाच ठेवला. इकडे तो घरी काही न सांगता रोज डबा घेऊन निघायचा आणि ठाण्यासमोरच्या टपरीवर बसून राहायचा. खिडकीतून तो दिसला की मला काम सुचत नसे.

टपरीवर त्याला त्याच्या घरमालकिणीने पाहिलं. मूळची माकुणसारची, वाडीतल्या भाज्या विकणारी बाई. तिने खोदून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांना घेऊन थेट ठाण्यात आली.

"साहेब, भिशी लावनं गुना हाय का? असंल तर आमाला पन धरा."

"कसली भिशी?"

"आमची. ह्योच चालवतो. पयली उचल चालवनाऱ्याची असते ना? ह्यानं ती शेजाऱ्याला दिली, त्याची बायको दवाखान्यात होती म्हनून. तो मेला पैसं घेऊन पलाला. तवापासून त्याचा हप्ता ह्योच भरतो. आमचा एक रुपाया बुडवला नाय."

भिशी बेकायदा असते, बायकांनाही आत टाकतील, असं कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून त्याचं तोंड बंद. कॉलर धरली होती ती पळालेल्याच्या भावाची. फोनही त्याचाच, हे त्याने पुढे कबूल केलं.

बायकांचे जबाब मी वेगवेगळे घेतले. सगळ्यांचं म्हणणं जुळलं. वेल्डरकडून अर्जातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या लिहून घेतल्या आणि अहवाल घेऊन कोळगावला गेलो.

तिथल्या वरिष्ठ साहेबांनी विचारलं, "याला पैशावरून कोणी दाबू शकेल?"

"सर, याची देणी अख्ख्या चाळीला तोंडपाठ आहेत. धमकी कशाची देणार? लपवलं ते फक्त आपल्यापासून."

त्यांनी बायकांचे जबाब एकेक करून वाचले. शेवटी त्यांनी सही केली आणि मी बाहेर येऊन आधी पाणी प्यालो.

पुढे एकदा बोईसरच्या बाजारात तो भेटला. गळ्यात पास. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, पतपेढीचं फिटलं. मेहुण्याचं थोडं राहिलंय."

"मी विचारलं का तुला?"

"नाही साहेब. पण सांगितलेलं बरं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पडताळणीला आलेल्या कर्जदाराला मी कर्ज किती हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, हे घरी कोणाला माहीत आहे?