कार्डावर घेतलेली मोरपंखी साडी

दिवाळीच्या गर्दीत, साडीच्या दुकानात, माझ्यापुढे घरकाम करणारी एक बाई उभी होती. मालकिणीने बोनस म्हणून दिलेलं त्याच दुकानाचं दोन हजारांचं गिफ्ट कार्ड तिने काउंटरवर ठेवलं. "याचे रोख द्या ना दादा. घरात गॅस संपलाय."

"रोख मिळत नाही ताई. साडीच घ्यावी लागेल."

मला संताप आला. वर्षभर हिच्या हाती घराची किल्ली देतात आणि हिच्याच कष्टाचे दोन हजार हाती द्यायचे, तर विश्वास नाही! दिल्यासारखं करायचं आणि दोरी आपल्याच हातात ठेवायची.

तेवढ्यात ती ताठ झाली. "आमच्या बाईंनी परवा इथूनच मोरपंखी साडी नेलीय, गुलाबी काठांची. तस्सीच काढा."

"वर तीनशे पडतील."

"पडू द्या. पाडव्याला बाई ती नेसणारेत. त्यांच्या पाहुण्यांना चहा द्यायला मी हीच नेसून जाते."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

तेवढ्यात काउंटरवरच्याने मला विचारलं, "मॅडम, मघाशी म्हणालात ते कार्ड कितीचं देऊ? तुमच्या कामवाल्या मावशींसाठी?"

तिने वळून माझ्या अंगावरची साडी नीट न्याहाळली.